डाव्या हातचे लाडू

"मोजा काढ, शलाका," फ्राऊ आल्ब्रेख्ट म्हणाल्या, आणि मी दोन्ही हातांनी घोटा घट्ट धरून बाकावर बसून राहिले.

पोहण्याच्या तलावाशेजारची कपडे बदलायची खोली होती ती. बाकीच्या मुली रबरी टोप्या घालून केव्हाच आत गेल्या होत्या. काचेच्या दारापलीकडून त्यांचे आवाज घुमत येत होते, विहिरीत ओरडल्यासारखे. माझ्या अंगात पोहण्याचा पोशाख होता, एक पाय उघडा आणि दुसऱ्या पायात लोकरीचा जाड मोजा.

"दुखतंय का?" बाईंनी विचारलं. "मला नुसतं बघू दे."

मला त्यांचं सगळं समजत होतं. तिथे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आई सकाळी बजावून म्हणाली होती, "पायाला पाणी लागू द्यायचं नाही हं शलू. बाईंना सांग तसं." सांग म्हणाली, पण कसं सांगणार? मी शाळेत बोलतच नव्हते.

बाई माझ्यासमोर गुडघ्यांवर बसल्या. माझी बोटं एकेक करून सोडवली आणि मोजा हलकेच खाली ओढला. लोकर कातडीला चिकटली होती. मी ओठ आवळले. मोजा निघाला.

घोट्याभोवती काळे गोल डाग होते. ओळीने, सारख्या अंतरावर, कुणी मुद्दाम काढावेत तसे. त्यांतले काही फुगून त्यांचे फोड झाले होते, एक फुटला होता.

बाईंचा चेहरा मी आजही विसरलेले नाही. त्या रागावल्या असत्या तर मला इतकी भीती वाटली नसती. त्या अगदी हळू, प्रेमाने बोलायला लागल्या. त्यांनी मला टॉवेलात गुंडाळलं, उचलून घेतलं, आणि दुसऱ्या बाईंना हाक मारून म्हणाल्या, "इकडे बघा. कुणीतरी या मुलीला भाजलंय."

मी तेव्हा नऊ वर्षांची होते. बाबांच्या कंपनीने त्यांना मिरजेहून जर्मनीत, हाइलब्रॉनला पाठवलं होतं. यंत्रं बसवायची, चालू करून द्यायची, मग पुढच्या गावी जायचं. आठवड्यातले बरेच दिवस ते फिरतीवर असत. माझी शाळा आमच्यासारख्या फिरस्त्यांच्या मुलांचीच होती. निम्मे तास इंग्रजीत, निम्मे जर्मनमध्ये, आणि ज्यांना धड दोन्ही येत नाही ते आम्ही तयारीवर्गात. रोज सकाळी गोल करून उभं राहायचं. एकेकाने आपल्या भाषेत नमस्कार म्हणायचा, मग सगळ्यांनी तो म्हणायचा. तुर्की व्हायचं, पोलिश व्हायचं, कोरियन व्हायचं. माझी पाळी आली की सगळे थांबत. मी जमिनीकडे बघत राही. मग फ्राऊ आल्ब्रेख्ट स्वतःच "नमस्कार" म्हणत, मुलं ते म्हणत, आणि गोल पुढे सरके. कुणी हसलं नाही, कुणी आग्रह केला नाही. त्यामुळे तर मला आणखीच गप्प बसता येई.

बाबा एकदा बाईंना भेटून आले. "बोलत नाही म्हणून काळजी करू नका म्हणाल्या," त्यांनी आईला सांगितलं. "नव्या भाषेतली मुलं आधी नुसती भरत असतात म्हणे. हंडा भरला की आपोआप सांडतो."

"आणि मी?" आईने विचारलं. "मी कधी सांडायची?"

"तुला काय गरज? कुणी काही विचारलं की हसायचं आणि 'या' म्हणायचं. 'या' म्हणजे हो. इथली माणसं सरळ आहेत, वाईट काही विचारत नाहीत. पिशवी हवी का? या. थंडी आहे ना? या."

आई हसून लोटपोट झाली होती. पण तिने तो मंत्र पक्का धरला. दुकानात, ट्राममध्ये, जिन्यात भेटणाऱ्या म्हातारीशी, सगळीकडे आईचं "या, या" चालू असे. घरी तोंडाचा पट्टा चालवणारी माझी आई दाराबाहेर पाऊल टाकलं की दोन अक्षरांची होऊन जायची.

डिसेंबर लागला आणि एका सकाळी इमारतीच्या पायऱ्यांवर बर्फ होऊन माझा पाय मुरगळला. घोटा टम्म सुजला. बाबा दूर हॅम्बुर्गला. डॉक्टरकडे जायचं तर बोलावं लागणार. कुठे दुखतं, कसं पडली, कधीपासून. आणि या सगळ्याला "या" म्हणून भागणार नव्हतं. आई बराच वेळ माझा पाय मांडीवर घेऊन बसली. मग तिने कपाटातून आजीने दिलेलं पुरचुंडीचं फडकं काढलं. हळकुंड, सुंठ, मायफळ, ओवा, आणि तळाशी काळेभोर, चपटे बिब्बे.

बिब्बा आता कुणाच्या घरात नसतो. तेव्हा मिरजेत मुरगळण्यावर दुसरा उपाय कुणाला सुचतच नसे. दाभणाच्या टोकाला बिब्बा टोचायचा, ज्योतीवर धरायचा, आतून काळं तेल सुटलं की त्याचे ठिपके दुखऱ्या सांध्याभोवती द्यायचे. दोन दिवसांत सूज उतरते. फक्त पाणी लावायचं नाही.

आईने त्या दिवशी नाकातोंडावरून ओढणी बांधली, हाताला प्लास्टिकची पिशवी गुंडाळली, आणि तोंड दुसरीकडे वळवून, हात लांब करून ठिपके दिले. मला हसूच आलं.

"चोर दिसतेस," मी म्हणाले.

"गप. हलू नको. तुला बाबांची कातडी आहे, तुला काही होणार नाही."

दुसऱ्या दिवशी तिचे डोळे लाल होते. कांदा चिरला म्हणाली.

सूज खरंच उतरली. पण मी लोकरीचा मोजा घालून शाळेत गेले, बर्फात पाय भिजवला, खाजवलं. बिब्बा उतला. फोड आले.

बाईंनी मला मुख्य इमारतीतल्या एका लहान खोलीत नेलं. गोल टेबल, त्याभोवती खुर्च्या, आणि टेबलावर सुरूच्या हिरव्या डहाळ्यांचं कडं. त्यात चार मेणबत्त्या, दोन पेटलेल्या. नाताळच्या आधी तिथे सगळीकडे असं कडं ठेवत. बाईंनी मला गरम कोको दिला. मी पेला हातात धरला, प्यायले नाही.

थोड्या वेळाने एक बाई आल्या. उंच, पिकलेले आखूड केस, गळ्यात दोरीने अडकवलेला चष्मा. त्यांनी मला त्यांचं नाव सांगितलं. फ्राऊ केलर. मुलांची काळजी घेणाऱ्या कचेरीतून आल्या आहेत. मी मुळीच घाबरू नये.

लोकांनी "घाबरू नकोस" म्हटलं की घाबरावं, हे मला तेवढ्या महिन्यांत समजलं होतं.

"हे कुणी केलं, शलाका?" त्यांनी माझ्या पायाकडे बोट न दाखवता विचारलं.

मी कोकोवर आलेल्या सायीकडे बघत राहिले.

"ती अजून बोलत नाही," फ्राऊ आल्ब्रेख्ट म्हणाल्या. "आमच्याशी एक शब्दही नाही."

"घरी?"

"वडील म्हणतात, घरी खूप बोलते."

"वडील म्हणतात," फ्राऊ केलर म्हणाल्या. बस, एवढंच.

आई आली तेव्हा तिच्या श्वासाची वाफ होत होती. साडीवर बाबांचा कोट, डोक्याला मफलर, हातात ते पुरचुंडीचं फडकं. शाळेच्या फोनवरचं तिला एवढंच कळलं होतं की शलाका, आणि पाय. पाय पुन्हा दुखावला असं समजून ती औषध घेऊनच धावत आली होती.

"काय झालं गं? पडलीस का?" तिने माझे गाल चाचपले. मग तिला लक्षात आलं, खोलीत दोन बायका उभ्या आहेत. तिने घाईने मफलर नीट केला आणि हसली.

"बसा, फ्राऊ तगारे," फ्राऊ केलर म्हणाल्या. आई त्यांच्या डाव्या बाजूच्या खुर्चीत बसली, मी आईच्या पलीकडे. फ्राऊ केलर प्रत्येक शब्द सुटा करून, सावकाश बोलत होत्या. "तुमच्या मुलीच्या पायावरचे डाग. तुम्हाला माहीत आहेत?"

"या," आई म्हणाली.

"ते गरम वस्तूने झालेत?"

"या."

"तुम्ही केलेत?"

"या, या." आईने माझ्या पायाकडे बघून काळजीने मान हलवली आणि पुन्हा हसली.

माझ्या हातात अजून पेला होता. मी तो टेबलावर ठेवला. आई, हो म्हणू नको. हे वाक्य माझ्या डोक्यात मराठीत तयार होतं. पण त्या खोलीत, त्या शाळेत, तोंड उघडायची सवयच मोडली होती.

"याआधीही केलंय का असं?"

"या."

"मला वाटतं यांना समजत नाहीये," फ्राऊ आल्ब्रेख्ट म्हणाल्या. "प्रत्येक प्रश्नाला हेच उत्तर देतात."

"असेल. पण डाग खरे आहेत." फ्राऊ केलरनी चष्मा काढला. त्या कठोर नव्हत्या. थकलेल्या दिसत होत्या. "यांची भाषा बोलणारं माणूस आज मिळणार नाही. नवरा गावात नाही. तोवर मुलीला एखाद्या कुटुंबात ठेवू. चांगली माणसं आहेत माझ्या ओळखीची, त्यांना कुत्रा आहे, मुलं रमतात." मग त्या आईकडे वळल्या आणि लहान मुलाशी बोलावं तसं म्हणाल्या, "फ्राऊ तगारे, शलाका आज माझ्याबरोबर येईल. थोडे दिवस. तुमची हरकत नाही ना? चालेल तुम्हाला?"

आईने त्यांच्याकडे बघितलं. समोरची बाई इतकं गोड बोलते आहे म्हणजे काहीतरी चांगलंच विचारत असणार. तिची मान हलायला लागली, ओठ उघडले.

"नाइन!" मी ओरडले.

माझाच आवाज मला ओळखू आला नाही. फ्राऊ आल्ब्रेख्टनी तोंडावर हात ठेवला. आई दचकून माझ्याकडे वळली.

"नाही," मी म्हणाले, आणि मग हंडा सांडला. माझं ते जर्मन कसलं होतं देव जाणे. "आई समजत नाही. आई सगळ्याला हो म्हणते. दुकानात हो, ट्राममध्ये हो. हे भाजलं नाही. हे औषध आहे. मी पडले, बर्फावर. पाय जाड झाला. आई औषध."

"औषधाने असं होत नाही, बाळ," फ्राऊ केलर म्हणाल्या. "आग होती का तिथे?"

"आग होती. आग पायाला नाही. आग त्या... त्या..." बिब्ब्याला जर्मनमध्ये काय म्हणतात? काहीच म्हणत नाहीत. तो तिथे उगवतच नाही. मला रडू फुटलं आणि त्या दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. पढवलेल्या मुलीकडे बघतात तसं त्या माझ्याकडे बघताहेत, असं मला वाटलं.

"शलू, काय म्हणताहेत या?" आईने विचारलं. "तू काय बोललीस?"

तिला काही सांगायचं असेल तर ते मलाच सांगावं लागणार होतं. दुसरं कोणी नव्हतं.

"तू मला भाजलंस म्हणतात. मला घेऊन जाणार म्हणतात."

आईच्या चेहऱ्यावर हसू तसंच राहिलं होतं. ते काढायचं ती विसरून गेली होती. "कुठे?"

"दुसऱ्यांच्या घरी."

तिने माझ्या पायाकडे बघितलं. कोटाची बटणं काढली, कोट खुर्चीच्या पाठीवर टाकला, आणि फडक्याची गाठ सोडली. सुंठ आणि ओव्याचा वास खोलीभर पसरला. फ्राऊ आल्ब्रेख्ट नकळत पुढे वाकल्या. आईने त्यातून दाभण काढलं, एक बिब्बा काढला. या वेळी ना ओढणी बांधली, ना पिशवी शोधली.

"सांग त्यांना," ती म्हणाली, "नीट बघा म्हणावं."

"नीट बघा," मी जर्मनमध्ये म्हणाले.

मेणबत्त्यांचं कडं आईच्या डाव्या हाताशी होतं. तिने दाभण डाव्या हातात धरून बिब्बा ज्योतीवर नेला, आणि उजव्या हातातल्या बांगड्या कोपराकडे ढकलून, मनगट टेबलावर फ्राऊ केलरसमोर ठेवलं. बिब्बा चुरचुरला. काळपट धूर निघाला, सरळ तिच्या तोंडावर. तिने डोळे मिटले नाहीत. तेल फसफसून वर आलं तसा तिने तो मनगटावर टेकवला. एकदा. पुन्हा जरा शेजारी. पुन्हा.

"अहो!" फ्राऊ केलर अर्धवट उठल्या.

"बघा," आई मराठीतच म्हणाली. फडक्याने ठिपक्यांभोवतीचं ओशट तिने पुसलं. मनगटावर तीन काळे ठिपके होते, गंधाच्या ठिपक्यांसारखे. कातडी जळली नव्हती, लालही झाली नव्हती. फ्राऊ केलरनी चष्मा लावला आणि बोट पुढे केलं.

आईने झटकन हात मागे घेतला. "अंहं. हात नको लावू म्हणावं. सगळ्यांना सोसत नाही."

मी सांगितलं.

"म्हणजे काय होतं?"

"काहींच्या अंगावर उततं," आई म्हणाली. "फोड येतात. हिला आले तसे. हिचं चुकलं, पाय भिजवला हिने."

मी सांगितलं. फोडाला शब्द नव्हता. मी माझा पाय दाखवला.

फ्राऊ केलर बराच वेळ आईच्या मनगटाकडे आणि माझ्या घोट्याकडे आळीपाळीने बघत राहिल्या. दोन्हीकडचे ठिपके सारखेच होते. "आणि तुम्हाला?" त्यांनी आईला विचारलं. "तुम्हाला सोसतं का?"

मी आईला विचारलं.

"मला काय धाड भरलीय," आई म्हणाली. "सांग, मला काहीसुद्धा होत नाही."

"आईला काहीसुद्धा होत नाही," मी सांगितलं.

त्या दिवशी मला कुणी नेलं नाही. फ्राऊ आल्ब्रेख्ट आम्हाला स्वतः डॉक्टरकडे घेऊन गेल्या, मलम मिळालं, दम मिळाला. पण फ्राऊ केलर जाताना म्हणाल्या होत्या, "शुक्रवारी दुपारी मी तुमच्या घरी येईन. मग ठरवू." मी ते आईला सांगितलं तेव्हा "ठरवू" सुद्धा सांगितलं. ते गाळायला हवं होतं की काय, हे मला अजून कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी उठले तर आईचे डोळे सुजून बारीक झाले होते. अंगात ताप. "थंडी बाधली," ती म्हणाली. "कोट काढून बसले ना तिथे." ती खाली आली नाही, जिन्यातल्या म्हातारीने मला शाळेत सोडलं. पुढचे दिवस मी वर्गात खिडकीशी बसून फाटकाकडे डोळे लावून असे. उंच, आखूड केसांची कोणीही बाई रस्त्याने गेली की मी खिडकीपासून मागे सरकत असे. सकाळच्या गोलात माझी पाळी आली आणि मी "नमस्कार" म्हणाले. सगळ्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र वाटत होतं, इथे आता गप्प राहणं परवडणार नाही. आईच्या वाटणीचंही मलाच बोलायचं आहे.

घरी आई पांघरुणात असे. बाबांचा फोन आला की म्हणे, "सगळं ठीक आहे, तुमचं काम आटपून या." का सांगत नाहीस म्हटलं तर म्हणाली, "शंभर कोसांवर तो माणूस, जेवायचा नाही सांगितलं तर."

शुक्रवारी ती उठली. तोंडाला पावडर लावली, बाबांचा मोठा राखाडी स्वेटर घातला. त्याच्या बाह्या तिच्या बोटांवरून खाली लोंबत होत्या. बेसन भाजून ठेवलं आणि मला म्हणाली, "लाडू तू वळ."

"मी?"

"शिकायला नको? वळ."

मी वळले. एक मोठा, एक लहान, एक चपटा. एरवी तिने ते मोडून पुन्हा वळायला लावले असते. त्या दिवशी नुसती बशीत ठेवत गेली.

फ्राऊ केलर आल्या. बूट दाराबाहेर काढले, हे आईला फार आवडलेलं दिसलं. त्या दोन्ही खोल्या फिरल्या. माझा पलंग, माझी पुस्तकं, देवांचा कोनाडा. माझा पाय बघितला. खपल्या धरल्या होत्या. मग आईला म्हणाल्या, "मी शलाकाशी जरा एकटीशी बोलू?"

मी आईला सांगितलं. आई स्वयंपाकघरात गेली आणि दार लोटून घेतलं.

"शलाका, तुला घरात कुणाची भीती वाटते का?"

"नाही."

"नक्की? कुणाचीच भीती वाटत नाही?"

"वाटते," मी म्हणाले. "तुमची."

त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर बर्फाचा चिखल झाला होता. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या, आणि मग आईला हाक मारली.

आई बशी घेऊन आली. आणि तिने ती फ्राऊ केलरपुढे डाव्या हाताने धरली.

माझी मान खाली गेली. डाव्या हाताने कुणाला पाणी दिलं तरी आई माझ्या हातावर चापट मारायची. देवाला, पाहुण्याला, अन्नाला डावा हात लावायचा नाही, हे मला चालता येण्याआधी शिकवलेलं. आणि आज, या बाईपुढे, ज्या दिवशी सगळं नीट व्हायला हवं त्याच दिवशी! चहाचा कपही तिने डाव्याच हाताने दिला. उजवा हात स्वेटरच्या बाहीत, पोटाशी. मला वाटलं, ही रागाने असं करते आहे. हिने मुद्दाम या बाईचा अपमान केला आहे, आणि आता मला नेणार.

फ्राऊ केलरनी चपटा लाडू घेतला, खाल्ला, दुसरा घेतला. "तुम्हाला बरं नाही का?" त्यांनी आईला विचारलं.

"थंडी," मी सांगितलं.

त्या उठल्या. दारात बूट घालताना मला म्हणाल्या, "आईला सांग, मी आता पुन्हा येणार नाही. गरज नाही." आणि जिना उतरायला लागल्या.

आई गेली ती याच वर्षी, भाद्रपदात, मिरजेत. शेवटी शेवटी दवाखान्यात नर्स सलाईनसाठी शीर शोधत होती. उजवं मनगट उलटंपालटं करून तिने विचारलं, "भाजलं होतं का हो आजींना?" तिथे कातडी कागदासारखी होती, चुरगळून पुन्हा सरळ केलेल्या. इतकी वर्षं ती चुडा भरून असायची. तिथे मी कधी नीट बघितलंच नव्हतं. "बिब्बा लावला होता," मी म्हणाले. नर्सला बिब्बा माहीत नव्हता.

दिवस झाल्यावर मी आणि प्रभामावशी, आईची धाकटी बहीण, तिची लुगडी घडी घालत बसलो होतो, तेव्हा मी मावशीला हाइलब्रॉनचं सांगितलं. सांगताना मला हसूही येत होतं; "या, या" ची नक्कल मी चांगली करते. मावशी हसली नाही. तिच्या हातातली घडी तशीच राहिली.

"अक्काने? स्वतःच्या हाताला?"

"हो."

"बिब्बा?"

"हो, मावशी. का?"

"अगं, बिब्ब्याच्या धुरानेसुद्धा अक्काचं तोंड सुजायचं. लहानपणी एकदा आईने गुडघ्याला लावला तर महिनाभर अंथरुणात होती. अंग सोललं होतं तिचं. डोळे दिसेनात. डॉक्टरांनी सांगितलं, पुन्हा लावाल तर मुलगी हातची जाईल. तेव्हापासून आमच्या घरात बिब्बा आला नाही." मावशीने पदर तोंडाला लावला. "तुझ्या आजीने पुरचुंडी दिली तेव्हा सुनेने नाही कसं म्हणायचं म्हणून घेतली. मला म्हणाली होती, तळाशी ठेवलाय, हातसुद्धा लावायची नाही."

मी मावशीला पुढचं सांगितलं नाही.

फ्राऊ केलर जिना उतरायला लागल्या तेव्हा मी दार लावून आईकडे वळले. "पुन्हा येणार नाही म्हणाल्या. गरज नाही म्हणाल्या."

आई भिंतीला टेकली. हळूहळू खाली सरकत जमिनीवर बसली. उजवा हात तिने मांडीवर असा ठेवला होता, दुसऱ्याचं मूल घेतल्यासारखा. मग एकदम म्हणाली, "अगं, जा! धाव. त्यांना गाठ."

"का?"

"सांग त्यांना, डाव्या हाताने दिलं म्हणून राग मानू नका. आमच्यात असं देत नाहीत. हात जरा अवघडलाय म्हणावं. जा, जा लवकर."

मी मोज्यांवरच धावले. फ्राऊ केलर खालच्या दाराशी पोचल्या होत्या. जिन्याच्या कठड्याला धरून मी धापा टाकत सांगितलं, "आईने डाव्या हाताने दिलं. ते वाईट. आईला वाईट वाटतं. तुम्ही रागावू नका."

त्यांना काही कळलं नाही. मी दोन्ही हात पुढे करून दाखवलं, हा चांगला, हा नाही. तेव्हा त्या हसल्या. त्यांना हसताना मी पहिल्यांदा बघत होते. "आईला सांग," त्या म्हणाल्या, "मी डावखुरी आहे. मी आयुष्यभर सगळ्यांना सगळं याच हाताने देत आलेय."

वर येऊन मी आईला ते सांगितलं. ती तिथेच बसली होती.

"खरंच?" ती म्हणाली. "डावखुरी?"

"हो."

"आणि तिच्या आईने मारलं नाही तिला?"

मग ती हसायला लागली. हसता हसता तिने डाव्या हाताने मला जवळ ओढलं आणि उरलेला लाडू माझ्या तोंडात घातला.